अलाइनमेंट टिकत का नाही?

या पानावर आपण लोणच्याला बुरशी का येते इथपासून शिलाई मशीनचा दोरा का तुटतो इथपर्यंत पुष्कळ बोललो. या खेपेचा प्रश्न मात्र दाराशी उभ्या असलेल्या गाडीचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्याहून एका भगिनीचं पत्र आलंय. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय, म्हणून छापत नाही. त्या लिहितात:

“आमच्याकडे २००८ सालची मारुती ८०० आहे. सासऱ्यांचं डायलिसिस चंद्रपूरला, आठवड्यातून दोनदा. मिस्टरांची ड्यूटी शिफ्टची, म्हणून गाडी मीच चालवते. वर्षभरात तीनदा अलाइनमेंट केली. करून आणली की आठ-पंधरा दिवस गाडी सुतासारखी सरळ चालते, मग पुन्हा डावीकडे ओढायला लागते. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने गोटा झालेत. गॅरेजवाले म्हणतात, रस्तेच असे, आम्ही काय करणार? घरात म्हणतात, गाडी जुनी झाली, विकून टाका. विकली तर दुसरी घेण्याइतके पैसे नाहीत, आणि बाबांना एसटीने नेणं आता झेपत नाही. काय करावं?”

पत्र एकीचं असलं तरी दुखणं पुष्कळ घरांचं आहे. तेव्हा जरा सविस्तरच पाहू या.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते. जी अलाइनमेंट पंधरा दिवसांत बिघडते, ती पुन्हा पुन्हा करून उपयोग नाही. ब्लाउजची शिवण उसवतेय आणि आपण दर वेळी नुसतं हूक पुढे सरकवतोय, असा तो प्रकार आहे. हूक चांगलंच लागतं, पण शिवण उसवतच राहते. गाडीतही असंच कुठेतरी काहीतरी ढिलं झालेलं असतं. ते शोधायचं, बदलायचं आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करायची. एवढा क्रम पाळला तरी निम्मा खर्च वाचतो.

अलाइनमेंट म्हणजे काय?

गॅरेजमधून मिळणाऱ्या कागदावर तीन शब्द असतात. ते एकदा समजून घेतले, की पुढे कुणी आपल्याला गोंधळात टाकू शकत नाही.

पहिला शब्द ‘टो’. उभ्या राहा आणि आपल्या पावलांकडे वरून पाहा. अंगठे एकमेकांकडे वळले तर तो टो-इन, बाहेर फाकले तर टो-आउट. गाडीच्या पुढच्या दोन चाकांचंही तसंच. ती जवळजवळ समांतर असायला हवीत.

दुसरा ‘कॅम्बर’. गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर चाक ताठ उभं आहे, की वरून आत किंवा बाहेर कललंय, ते म्हणजे कॅम्बर.

तिसरा ‘कॅस्टर’. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो सरळ खाली येत नाही, तिरका असतो. त्या तिरकेपणामुळेच हात सैल सोडला तरी हँडल आपोआप सरळ होतं. गाडीचं स्टिअरिंग वळणानंतर आपोआप परत येतं, तेही याच कोनामुळे.

या तिघांत टायर खाण्याचं काम सगळ्यात जास्त करतो तो टो. हिशेबच करू या. मारुती ८०० च्या चाकाची रिम १२ इंची, म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर. दोन्ही चाकांचा मिळून टो नुसता ३ मिलिमीटर चुकला, म्हणजे तीन नाणी एकावर एक ठेवल्याएवढाही नाही, तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे सुमारे ५ मीटर आडवं घासत जातं. कोरपना ते चंद्रपूर साठ-पासष्ट किलोमीटर. आठवड्यातून दोन खेपा, जाऊन-येऊन, म्हणजे वर्षाला बारा हजार किलोमीटरच्या वरच. त्यातलं आडवं घासणं मोजलं तर ६० किलोमीटर होतं. म्हणजे वर्षातून एकदा तो टायर कोरपन्यापासून चंद्रपुरापर्यंत आडवा फरफटत नेल्यासारखंच! टायर गोटा होणार नाही तर काय होईल?

प्रत्येक ओढ अलाइनमेंटची नसते

गाडी ओढते म्हटलं की सरळ मशीनवर चढवायची, अशी पद्धत पडलीय. त्याआधी घरच्या घरी चार गोष्टी पाहून घ्या.

हवा: ती सकाळी, गाडी थंड असताना पाहायची. चंद्रपूरकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. तापमान १० अंशांनी चढलं की टायरमधली हवा साधारण दीड-दोन पौंडांनी वाढलेली दिसते. दुपारी चालत्या गाडीत हवा मोजली तर काटा फसवतो. डाव्या-उजव्या चाकात तीन-चार पौंडांचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. हवा किती हवी, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं.

टायर: पुढचे दोन टायर डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे असे बदलून पाहा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र असं करू नका. बदलल्यावर ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा आहे. मग अलाइनमेंटचे पैसे वाचले.

ब्रेक: दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता चालवा, थांबा आणि चाकाजवळ नुसता हात न्या, लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा फारच तापलं असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकतोय.

रस्ता: आपण डावीकडून गाडी चालवतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. त्यामुळे हात सैल सोडल्यावर गाडी किंचित डावीकडे गेली तर घाबरायचं कारण नाही. मोकळ्या, सपाट मैदानावर पाहावं. तिथेही ओढत असेल तर मात्र दोष आहे.

आणि एक. साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, ती तक्रार बहुतेक वेळा बॅलन्सिंगची असते. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामं आहेत. पावती करताना ‘दोन्ही करून टाका’ म्हणण्याआधी आपल्याला कुठलं हवंय ते ठरवा.

टायर काय सांगतो?

भाकरी कुठे करपली यावरून तवा कुठे तापतोय ते आपल्याला कळतं. टायरचंही तसंच असतं. दर महिन्याला स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरवरून हात फिरवा.

दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य चांगला, तर हवा कमी ठेवली जातेय. मध्य झिजला आणि कडा चांगल्या, तर हवा जास्त. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखा लागला, तर टो बिघडलाय. एकाच चाकाची एकच कड झिजली, तर त्या बाजूचा कॅम्बर पाहायला हवा, म्हणजे काहीतरी वाकलं असण्याची शक्यता. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉकॲब्सॉर्बर गेलेत किंवा बॅलन्सिंग राहिलंय.

आपल्या भगिनीच्या गाडीचे दोन्ही पुढचे टायर आतून झिजलेत. याचा पहिला संशय टो-आउटवर. म्हणजे चालताना चाकं पुढून फाकतायत, आणि ती फाकू देणारा ढिलेपणा कुठेतरी आहे. डावीकडची ओढ ही दुसरी खूण, तिचा माग डाव्या बाजूच्या बुशमध्ये निघतो का, ते पाहायचं.

टायरच्या नक्षीच्या खाचेत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलायलाच हवा. आणि मसाल्याच्या पाकिटावर तारीख पाहतो तशी टायरवरचीही तारीख पाहत जा. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नवा म्हणून घेताना एवढं पाहायला विसरू नका.

रस्त्याचा दोष किती, गाडीचा किती?

गॅरेजवाले रस्त्याला नावं ठेवतात, त्यात तथ्य आहेच. कोरपना तालुक्याची जमीन काळी, कपाशीची. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. वरचा डांबराचा थर तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि कडा खचतात. त्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा इथले सिमेंटचे कारखाने आणि राजुरा-बल्लारपूरकडच्या कोळशाच्या खाणी. दिवसरात्र जड ट्रक चालू.

जड ट्रक रस्त्याचं किती नुकसान करतो, याच्या मोठ्या चाचण्या अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झाल्या. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. आपल्याकडे २०१८ साली चार टायरांच्या एका आसावरची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली गेली. वाढ सव्वा टनाची दिसते, पण त्याच नियमाने रस्त्याची झीज सुमारे १.६ पट होते. त्या रस्त्यावर आपली १२ इंची चाकांची हलकी गाडी. चाक जितकं लहान तितकं ते खड्ड्यात खोल उतरतं आणि समोरच्या काठावर जोरात आपटतं.

पण मैत्रिणींनो, इथेच एक प्रश्न विचारायचा. त्याच रस्त्यावर शेजारच्या घरची तशीच गाडी वर्ष-वर्ष सरळ कशी चालते? एका खड्ड्याने धडधाकट सांधा सहसा निखळत नाही. आधीच झिजलेला सांधा मात्र प्रत्येक खड्ड्याला थोडा थोडा सरकतो. रस्ता आपल्या हातात नाही, सांधे आहेत.

ढिलं होतं ते काय?

पुढच्या चाकाला वळवणारी एक दांडी असते, तिला टाय रॉड म्हणतात. तिच्या टोकाशी गोळीसारखा सांधा असतो, तो टाय रॉड एंड. त्यावर रबराची टोपी असते. टोपी फाटली की ग्रीस बाहेर पडतं, सिमेंटची धूळ आणि काळा चिखल आत जातो, आणि सांधा आतून घासायला लागतो. आपल्या खांद्याच्या सांध्यात वाळू गेली तर काय होईल, तसं.

चाकाला खालून धरणारा हात म्हणजे लोअर आर्म. त्याच्या एका टोकाला बॉल जॉइंट, दुसऱ्या टोकाला रबराचं बुश. मारुती ८०० मध्ये या हाताला मागे-पुढे सरकण्यापासून रोखायचं काम पुढच्या आडव्या बारचं असतं, आणि त्या बारच्या टोकालाही रबरी बुश असतात. ते झिजले की ब्रेक दाबताच चाक मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला खेचली जाते. मशीनवर गाडी उभी असते, तिथे ब्रेकचा जोर नसतो, म्हणून कागदावर सगळं हिरवं येतं! अलाइनमेंट ‘बरोबर’ असूनही गाडी ओढते, त्याचं हे एक नेहमीचं कारण.

शिवाय स्टिअरिंग रॅकला बॉडीशी धरून ठेवणारी रबरं, वरचं स्ट्रट माउंटिंग, चाकाचं बेअरिंग, आणि थकून बसलेल्या स्प्रिंगा. स्प्रिंग बसली की गाडी त्या बाजूला खाली येते, आणि उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. हे घरी मोजता येतं. फरशीवर किंवा सपाट जागी गाडी उभी करा, शिवणकामाची टेप घ्या आणि चाकाच्या मध्यापासून वर पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. डावीकडे आणि उजवीकडे बोटभर फरक निघाला, तर मिस्त्रीला सांगा.

आणि शेवटी एक अगदी साधं कारण. टो बसवल्यावर टाय रॉडवरचा चेकनट घट्ट करायचा राहून जातो. गर्दीच्या दिवशी हे घडतं. नट सैल राहिला की चार खड्ड्यांत सेटिंग गेलंच. गाडी खाली उतरवण्याआधी “भाऊ, दोन्ही बाजूंचे चेकनट आवळले ना?” एवढं विचारायला संकोच नको.

यातलं काही नुसतं टायर खाण्यापुरतं नसतं, हेही सांगायला हवं. टाय रॉड एंड पूर्ण सुटला तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं. समोरून भरलेला ट्रक येत असताना हे काय असेल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून ‘पुढच्या महिन्यात पाहू’ यादीत हे काम घालू नका.

दोन कागद, एक उत्तर

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. ती आपल्या हातातली आहे, कारण घरातली कागदपत्रं बहुधा आपणच जपतो.

कॉम्प्युटरवर अलाइनमेंट झाली की छापील कागद मिळतो. त्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने असतात. बहुतेक जण ‘नंतर’चे हिरवे आकडे पाहतात आणि कागद गाडीच्या कप्प्यात कोंबतात. तुम्ही तो घरी आणा, फाइलला लावा आणि वर तारीख आणि किलोमीटर लिहा. कागद देत नसतील तर मागून घ्या. तोही नसेल तर आकडे वहीत उतरवून घ्या.

मग गाडी पुन्हा बिघडली, की मागच्या कागदावरचं ‘नंतर’ आणि आजच्या कागदावरचं ‘आधी’ शेजारी ठेवा. मधल्या काळात जे सरकलं, ते डोळ्यांसमोर येतं.

डाव्या चाकाचा आकडा दर वेळी सरकतो आणि उजव्याचा जागच्या जागी राहतो, तर डाव्या बाजूचा टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश पाहायला हवेत. दोन्ही सारखेच सरकले, तर दोन्हीकडची झीज, बसलेल्या स्प्रिंगा किंवा सैल राहिलेले नट. एका बाजूचा टो वाढला आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच घटला, तर स्टिअरिंग मध्यावर न धरता मोजलं गेलं, किंवा रॅक सरकतोय. एकाच चाकाचा कॅम्बर दुसऱ्यापेक्षा बराच वेगळा असेल आणि तो तसाच राहत असेल, तर काहीतरी वाकलंय. आणि काहीच सरकलेलं नसेल, तरी गाडी ओढतेय, तर वर सांगितलेले टायर, ब्रेक आणि बारची बुशं यांच्याकडे वळा.

“गाडी ओढते” म्हणून गेलं तर अलाइनमेंटची पावती हातात पडते. “दोन महिन्यांत डावा टो इतका सरकलाय, डावीकडचे सांधे दाखवा” म्हणून गेलं, तर मिस्त्री गाडीखाली जाऊन पाहतो. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं, असं मनात धरून बसलेला माणूसही कागदावरच्या आकड्याशी वाद घालत नाही.

गॅरेजमध्ये कामाचा क्रम

१. गाडी उचलून, खाली स्टँड लावून, चाक हलवून पाहायला सांगा, आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा. हात चाकाच्या डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवलं आणि ‘खट’ जाणवलं, तर टाय रॉडकडे संशय. वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

२. जे गेलंय ते बदला. टाय रॉड एंड आणि बुश शक्यतो दोन्हीकडचे जोडीने बदलावेत. नव्या टायरच्या किमतीपुढे यांची किंमत लहान असते. जुना भाग परत मागा आणि हाताने हलवून पाहा, म्हणजे बदलणं गरजेचं होतं की नाही ते कळेल.

३. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण चांगल्या चांगल्या ठिकाणी ते विसरलं जातं. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी खाली उतरवून, वजन चाकांवर आल्यावर. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि थोड्या दिवसांत फाटतं. नवं बुश टिकलं नाही, अशी तक्रार असते तिथे पुष्कळदा हेच झालेलं असतं.

४. चारही चाकांची हवा सारखी करा आणि डिकीतलं जड सामान काढून ठेवा. मगच गाडी मशीनवर चढवा.

५. स्टिअरिंग वाकडं राहिलं, तर दोन्ही टाय रॉड फिरवून ते सरळ करायला सांगा. काही जण स्टिअरिंगचं चाकच काढून सरळ बसवतात. दिसायला सरळ दिसतं, आतला दोष तसाच राहतो.

६. मारुती ८०० मध्ये कारखान्याने बदलायला ठेवलेला कोन टो हा एकच आहे. कॅम्बर-कॅस्टर चुकले असतील, तर वाकलेला किंवा झिजलेला भाग शोधून बदलायचा असतो. “जॅक लावून ओढून कॅम्बर काढून देतो” असं कुणी म्हणालं, तर नको म्हणा. एकदा वाकवलेलं आणि पुन्हा ओढलेलं लोखंड पहिल्याइतकं भरवशाचं राहत नाही.

७. नवे टायर सगळ्यात शेवटी. सांधे ढिले ठेवून नवे टायर घालणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरत बसणं. जुने टायर अगदी धोक्याला आले असतील, तर मात्र त्याच दिवशी सांधे, टायर आणि अलाइनमेंट एकत्र करून घ्या.

८. हजारेक किलोमीटर झाले की एकदा पुन्हा मोजून घ्या. आकडे जागेवर असतील तर दुखणं गेलं म्हणायचं.

विकायची की ठेवायची?

आता भगिनीच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हाती गेली आणि २०१४ च्या जानेवारीत ती बनणं थांबलं. मधल्या तीस वर्षांत ती इतक्या घरांत गेली, की तिचे टाय रॉड एंड, बुश ओळखणारा मिस्त्री अजून सहज सापडतो. तेव्हा सांधे झिजले, हे गाडी काढून टाकण्याचं कारण नाही. ते झिजण्यासाठीच असतात, चपलेच्या टाचेसारखे.

गाडी विकायचा विचार करायला लावणारी गोष्ट वेगळी असते. ती म्हणजे गंज. लोअर आर्म आणि पुढचा बार ज्या पत्र्याला जोडलेले असतात, आणि स्ट्रट वर जिथे बसतो तो पत्रा, इथे गंजाने पापुद्रे सुटले असतील किंवा बोटाने दाबल्यावर पत्रा खचत असेल, तर नवे सांधे घालूनही अलाइनमेंट टिकणार नाही. भिंतच पोखरली असेल तर खिळा किती घट्ट ठोकणार? मिस्त्रीला टॉर्च घेऊन या तीन जागा दाखवायला सांगा आणि आपल्या डोळ्यांनी पाहा. थोडा गंज असेल तर वेल्डिंगने निभतं. फार असेल, तर त्या गाडीतून रोजचा लांबचा प्रवास करू नये, मग घरात कुणी काहीही म्हणो.

२००८ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं उलटून गेली. तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण झालंय ना, तेही एकदा कागदावर पाहा. ते पाच वर्षांपुरतं असतं. नूतनीकरणाच्या वेळी गाडीची तपासणी होते, तेव्हा सांध्यांचं काम त्याआधी उरकलं तर दोन्ही कामं होतात.

पत्रातल्या भगिनीला माझं सांगणं असं. येत्या सुट्टीच्या दिवशी अलाइनमेंटला जाऊ नका. आधी नुसती तपासणी करून घ्या, डाव्या बाजूची बुशं आणि दोन्ही टाय रॉड एंड यांपासून सुरुवात करा आणि गंजाच्या तीन जागा पाहा. तीनही कागद हाताशी असतील तर सोबत न्या. गंज नसेल तर गाडी ठेवा. तीन अलाइनमेंट आणि दोन टायर यांवर गेलेले पैसे मांडून मिस्टरांना दाखवा, शेजारी सांध्यांच्या कामाचा खर्च मांडा. वाद घालायची गरज पडणार नाही. आणि हे काम होईपर्यंत बाबांना नेताना वेग कमी ठेवा, ट्रकला मोकळी वाट द्या आणि जमलं तर शेजारच्यांच्या गाडीची सोबत मागा. दवाखान्याच्या खेपेसाठी मदत मागण्यात कमीपणा नाही.

घरखर्चाच्या वहीत एक पान

शेवटी सगळ्यांसाठी. दूध, किराणा, गॅस यांच्या वहीतच गाडीला एक पान द्या. त्यावर एवढंच लिहा: तारीख, किलोमीटर, काय काम केलं, कुठल्या बाजूचं, किती पैसे गेले, आणि अलाइनमेंट असेल तर ‘आधी’ व ‘नंतर’चे आकडे. महिन्यातून एकदा हवा पाहिल्याची आणि टायरवर हात फिरवल्याची खूण करा. मोठ्या खड्ड्यात चाक आपटलं तर तेही लिहा, पुढे आकडा सरकला की त्याचं कारण सापडतं.

गाडी कुणाच्याही नावावर असो, तिच्यावर जाणारा पैसा घरखर्चातूनच जातो आणि तिच्यात बसणारी माणसंही आपलीच असतात. तेव्हा तिचा हिशेबही आपल्याच वहीत असावा.